जुने दाराशी काढून ठेवावे

पूर्ण किंमत मोजून वस्तू घरी आणणारा माणूस जिजीच्या लेखी एक तर खुळा असतो, नाहीतर खर्च होणारे पैसे त्याचे स्वतःचे नसतात. तिसरा प्रकार तिने पाहिलेला नव्हता. कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिकच्या सामानाचा दुकानदार तिला पायरी चढताना पाहिलं की आधी घोटभर पाणी पिऊन घ्यायचा. एका साध्या बल्बवर तिने एकदा इतका वेळ घासाघीस केली होती की तपासायला लावलेला बल्ब तेवढ्यात उडाला, आणि मग उडालेल्या बल्बवर वेगळी सूट मागितली गेली.

त्यामुळे सूनबाईने गुरुवारी सकाळी सांगितलं की ती लॅपटॉप आणायला त्याच दुकानात चाललीय, तेव्हा जिजीच्या हातातली बशी टेबलावर जरा जोरातच टेकली.

"किती म्हणतोय तो?"

सूनबाईने आकडा सांगितला.

"आणि तू देणार?"

"आई, सोमवारी सकाळी दहाला लॅपटॉप उघडून बसायचंय. ऑफिसने स्पष्ट सांगितलंय, स्वतःचा हवा. नसला तर यादीतल्या पुढच्या बाईला बोलावणार आहेत."

हे खरं होतं. आठ वर्षं घरात काढल्यावर सूनबाईला पुन्हा काम मिळालं होतं. विमा कंपनीचं, घरबसल्या करायचं, लोकांचे दाव्याचे कागद तपासायचं. पत्र आलं त्या दिवशी ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडली होती. नळ सोडला की बाहेर ऐकू येत नाही असा तिचा समज होता. जिजीला ऐकू आलं होतं, पण ती काही बोलली नव्हती, आणि जिजी काही बोलली नाही ही त्या घरात नोंद घेण्यासारखी गोष्ट होती.

"सोमवारी दहाला लॅपटॉप उघडशील," जिजी म्हणाली. "पण त्या लुटारूकडचा नाही. माझ्याकडे वही आहे."

वही म्हणजे कूपनांची वही. खालच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सने कूपन लावून पाण्याची किटली निम्म्या किमतीत आणली, त्या दिवसापासून जिजीला झोप नव्हती. इंटरनेटवर म्हणे नुसत्या कूपनांची दुकानं असतात. तिथून एक सांकेतिक शब्द उचलायचा, खरेदी करताना टाकायचा, की किंमत आपोआप खाली येते. तोंड वाजवायचं नाही, पायरी उतरून परत चढायचं नाटक नाही. हे जिजीला आधी अपमानास्पद वाटलं, पण किटली पाहिल्यावर तिने अपमान गिळला. रोज संध्याकाळी ती नर्सकडे जाऊन बसायची, नर्स मोबाइलवरून कूपनं वाचायची, आणि जिजी लिहून घ्यायची.

जिजीची शाळा दुसरीत अर्ध्यावर सुटली होती. मराठी ती बोट ठेवून वाचायची. इंग्रजी अक्षरं तिने डोळ्यांच्या दवाखान्यातल्या भिंतीवरच्या तक्त्यावरून पाठ केली होती, त्यामुळे तक्त्यावर नसलेली अक्षरं तिला फारशी मान्य नव्हती. कूपनं ती मराठीतच लिहायची, कानाला ऐकू येतील तशी. ते अक्षर तिच्याशिवाय कुणाला लागत नसे आणि वहीला ती कुणाला हात लावू देत नसे.

लॅपटॉपचं कूपन चौदाव्या पानावर होतं. एल, डी, चाळीस. नर्सने सांगितलं होतं की चाळीसच्या चाळीस टक्के सूट, पण दुपारी बारापर्यंतच.

आता त्या वेळचं घर कसं होतं ते ध्यानात घ्यावं लागेल. सूनबाई आतल्या खोलीत खिडकीला चिकटून उभी, कारण मोबाइलला रेंज तिथेच. जिजी बाहेरच्या खोलीत वही घेऊन. दोघींच्या मधल्या गॅलरीत जिजीचे यजमान, ज्यांना सगळे तात्या म्हणतात आणि जिजी अहो म्हणते, पेपर पसरून बसलेले. आणि शेजारच्या घरात भिंतीला भोकं पाडायचं यंत्र चालू.

"आई, लवकर सांगा," सूनबाई आतून ओरडली. "चार मिनिटं राहिलीत, आकडे उलटे पळतायत."

जिजीने वही उघडली. चष्मा नव्हता.

"अहो," तिने हाक मारली.

तात्यांना ऐकू कमी येतं. कानात वायरचं यंत्र आहे, तरी पहिल्या हाकेला त्यांनी उत्तर दिल्याचं जिजीला आठवत नव्हतं. पाचवीला मान वळायची, सहावीला तोंड उघडायचं. पण त्या दिवशी सकाळीच त्यांनी यंत्रात नवा सेल घातला होता.

"ओ," तात्या म्हणाले. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसं, जहाजाने भोंगा द्यावा तसं.

"ओ. हं, पुढे?" आतून सूनबाई.

"चष्मा द्या तो, तुमच्या मांडीखाली आहे," हे जिजी खाली वाकून बोलली, आणि ते भोकं पाडणाऱ्या यंत्राने खाऊन टाकलं. चष्मा नाकावर चढवून मग तिने खणखणीत सांगितलं, "एल. डी. चार. शून्य."

मग सूनबाई बाहेर आली. तिचा चेहरा परीक्षेचा निकाल चुकून चांगला लागल्यासारखा होता.

"लागलं. चाळीस टक्के कमी झाले. शनिवारी येणार. काहीतरी अटी मान्य आहेत का विचारलं, मी हो करून टाकलं."

"अटी काय, मान्यच असतात," जिजी म्हणाली, आणि संध्याकाळपर्यंत कोपऱ्यावरच्या दुकानासमोरून तीन वेळा गेली. काम काही नव्हतं.

शुक्रवारी जिजीच्या मोबाइलवर संदेश आला, कारण कूपन तिचं म्हणून ऑर्डरला नंबरही तिचाच दिलेला होता. सूनबाई बाजारात गेली होती म्हणून जिजी तो घेऊन नर्सकडे उतरली.

नर्स ड्युटीवर निघायच्या घाईत होती. एका हाताने केसांना पिन लावत तिने वाचलं. "ऑर्डर पक्की झालीय. कूपन ओल्ड चाळीस लागू."

"ओल्ड म्हणजे?"

"ओल्ड म्हणजे म्हातारं, जुनं. का हो?"

"काही नाही," जिजी म्हणाली. जिना चढता चढता तिला सगळा उलगडा झाला. प्रवासाच्या तिकिटाला म्हाताऱ्यांना सवलत असते, दवाखान्यात केसपेपरला असते. तशीच ही. घरात म्हातारं माणूस असलं की चाळीस टक्के सूट. तिने उंबऱ्यातूनच सांगितलं, "अहो, तुमच्यावर लॅपटॉपला सवलत मिळाली."

"माझ्यावर?"

"वयावर. कंपनीने मान ठेवला."

तात्यांनी पेपर खाली ठेवला. नोकरीत असताना ते गोदामात पोती मोजायचे, आणि तेव्हाही कुणी त्यांच्यामुळे काही मिळाल्याचं सांगितलं नव्हतं. त्यांनी सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि दिवसभर तसंच ठेवलं.

शनिवारी सकाळी सूनबाई ऑफिसात सह्या करायला गेली, आणि फोन वाजला. पलीकडे एक मुलगी होती. शाळेत धडा वाचायला उभं केल्यासारखी बोलत होती.

"नमस्कार मॅडम, आपल्या ऑर्डरसंबंधी बोलते आहे. आपल्याकडील जुन्याची माहिती हवी होती. आपले जुने किती वर्षांचे?"

आमचे हे, तुमचे ते, असं लोक म्हणतात. आपले जुने हे जिजीने पहिल्यांदाच ऐकलं. पण कंपनीची भाषा असेल, म्हणून तिने मनाला लावून घेतलं नाही.

"चौऱ्याहत्तर."

"सात, चार?"

"सात, चार. पुढच्या महिन्यात पंचाहत्तर."

"माझ्याकडे दहापर्यंतच आहे, मॅडम. दहाच्या वर असं लिहिते. चालू स्थितीत?"

"चालतात की. जिना चढताना तेवढे थांबतात."

ग्राहकबाई आपल्या वस्तूला अहोजाहो करतात म्हटल्यावर त्या मुलीनेही ते उचललं. ग्राहकाचा मान ठेवायचा अशी तिला शिकवण असावी.

"म्हणजे मध्येच बंद पडतात?"

"बंद कशाला पडतील? दम घेतात."

"गरम होतात का?"

"आमच्या घरात गरम व्हायचं काम माझ्याकडे आहे."

"बरं. आवाज नीट आहे?"

"आवाजाला काय झालंय? ऐकू येत नाही."

"आवाज आहे, पण ऐकू येत नाही?"

"त्यांना येत नाही. मला येतो. सगळ्या आळीला येतो."

मुलीने काहीतरी टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं. "यापूर्वी कधी उघडले होते का?"

"एकदाच. पित्ताचे खडे होते, तीन काढले."

"खडे?"

"बाटलीत ठेवलेत. दाखवायला लागतील का?"

"नको मॅडम. वायर आहे का सोबत?"

"कानात आहे."

आता मुलीचा आवाज बारीक झाला होता. "शेवटचा प्रश्न. आपण घेतले तेव्हा नवीनच होते, की सेकंडहॅण्ड?"

इथवर जिजी शांत होती. पण हा शब्द तिला येत होता.

"ए पोरी, तोंड सांभाळून बोल. माझ्याआधी तिथे कुणी नव्हतं. आणि होतं असं कुणी सांगितलं असेल तर ती त्यांची धाकटी बहीण, दुसरी कोण असणार?"

"सॉरी मॅडम, नवीन लिहिते, नवीन," मुलगी घाईघाईने म्हणाली. "दुपारी आमचा माणूस येईल. जुने स्वच्छ पुसून दाराशी काढून ठेवावे. तो जुने तपासून घेईल."

तपासून घेईल म्हणजे तपासेल, असं जिजीने धरलं. कुणीही तसंच धरलं असतं. तपासून, आणि मग घेईल, असा त्याचा अर्थ निघतो हे त्या वेळी तिच्या डोक्यात येण्याचं काही कारण नव्हतं.

"अहो, दाढी करा," तिने सांगितलं. "तपासायला माणूस येतोय."

"काय तपासणार?"

"म्हातारे आहात का ते."

"बघून कळत नाही?"

"फसवाफसवी करणारे असतात लोक. उगाच तरुण माणूस पांढरे केस करून बसवतील."

सूनबाई परत आली तेव्हा तात्या दाराशी खुर्चीत बसले होते. दाढी केलेली, धुतलेला सदरा, हातात जन्मतारखेचा दाखला. अर्धा ओला पंचा घेऊन जिजी त्यांचे कान पुसत होती.

"मामंजी कुठे निघालेत?" सूनबाईने विचारलं.

"कुठे नाही. तुझा लॅपटॉप येतोय," जिजी म्हणाली, आणि सूनबाईने हे दोन्ही एकमेकांना कुठे जोडलेलं आहे ते विचारायच्या आत बेल वाजली.

डिलिव्हरीवाला चार मजले चढून आला होता. खोका त्याने खांद्यावरून उतरवला, पण हातातून सोडला नाही. कपाळाचा घाम पुसून खिशातला कागद काढला.

"जुनं काढून ठेवलंय का?"

"हे काय, तुमच्यासमोर," जिजी म्हणाली.

डिलिव्हरीवाल्याने तात्यांकडे पाहिलं, खुर्चीकडे पाहिलं, खुर्चीच्या खाली वाकून पाहिलं.

"कुठे?"

"मी," तात्या म्हणाले, आणि दाखला पुढे केला.

डिलिव्हरीवाल्याने दाखला वाचला. खूप वेळ वाचला. मग हातातला कागद वाचला, तोही वेळ घेऊन. "इथे लिहिलंय, दहा वर्षांच्या वर, नवीन घेतलेलं, एकदा उघडलेलं, मध्ये मध्ये दम घेतं." त्याने मान वर केली. "आजी, हे यांचं लिहून दिलंत?"

"मग कुणाचं देऊ? सवलत त्यांच्यावर आहे ना?"

"सवलत जुन्या वस्तूवर आहे. पडद्याची वस्तू पाहिजे. टीव्ही नाहीतर कॉम्प्युटर. चालू असलेला. तो द्यायचा, मग हा खोका. ओल्ड चाळीस म्हणजे अदलाबदलीचं कूपन आहे."

"माझं कूपन एल, डी, चाळीस आहे," जिजी म्हणाली. "ओल्ड मी आणलंच नाही."

"तुम्ही ओ म्हणालात की आई," सूनबाई म्हणाली. "आधी ओ, मग एल."

"मी? मी ओ कशाला म्हणीन? वहीत बघ." आणि ज्या वहीला कधी कुणाचा हात लागला नव्हता, ती वही जिजीने स्वतःहून सूनबाईच्या पुढ्यात टाकली. सूनबाईने बोट ठेवून, एकेक अक्षर लावत वाचलं. एल, डी, चाळीस. ओ कुठेच नव्हता.

"मग ओ म्हणालं कोण?" डिलिव्हरीवाल्याने विचारलं. खोका अजून त्याच्या कुशीत होता.

"थांबा," जिजी म्हणाली. "मी इथे होते. वही उघडली. चष्मा नव्हता. मग मी हाक मारली, अहो..."

"ओ," तात्या म्हणाले.

सूनबाई भिंतीला टेकली. डिलिव्हरीवाल्याने खोका दुसऱ्या हातात घेतला आणि पाठ फिरवली, पण त्याचे खांदे हलत होते ते दिसलंच.

"जन्मभर तुमच्या एका ओसाठी घसा कोरडा केला," जिजी म्हणाली. "तो तुम्हाला त्याच वेळी द्यायचा होता?"

"तू हाक मारलीस," तात्या म्हणाले. दाखल्याची घडी घालून त्यांनी तो खिशात ठेवला आणि सदऱ्याचं वरचं बटण काढलं. "म्हणजे माझ्यावर नव्हती सवलत."

"तुमच्यामुळेच लागली ना पण," सूनबाई हळूच म्हणाली.

डिलिव्हरीवाल्याला तीन घरं अजून होती. वस्तू नसेल तर खोका परत जाईल, त्याने सांगितलं. पैसे आठ दिवसांत मिळतील, नवीन ऑर्डर केली तर गुरुवारपर्यंत येईल.

गुरुवार. सूनबाईने हिशेब करायचं काही कारण नव्हतं, सोमवारच्या पुढे गुरुवार येतो हे सगळ्यांना माहीत असतं. कोपऱ्यावरच्या दुकानात घ्यायचं तर पैसे आधीच कंपनीकडे अडकलेले. तिने ऑफिसच्या सह्या केलेले कागद अजून हातातच धरले होते. ती न्हाणीघराच्या दिशेने निघाली.

"कुठे चाललीस?" जिजीने विचारलं.

"हात धुवायला."

"नळ सोडू नकोस. पाणी वाया जातं."

सूनबाई जागीच थांबली.

जिजीच्या खोलीत टीव्ही होता. मोठा, भिंतीवरचा, सबंध घरात जिजीच्या एकटीच्या मालकीची अशी ती एकच वस्तू. दुपारी दोन ते सहा त्या खोलीत कुणी शिरायचं नाही असा कायदा होता. चार मालिका, त्यांतल्या चार सासवा, आणि सगळ्या सासवा जिजीच्या मते सुनांच्या हाताळणीत कमी पडणाऱ्या. रिमोटला तिने प्लास्टिकचं कव्हर स्वतः शिवलं होतं.

"टीव्ही चालतो म्हणालात ना? दहा वर्षांच्या वरचा?" तिने विचारलं.

"चालतो."

"मग आत या. स्टूल घ्या तो. आणि भिंतीचा रंग काढू नका."

"आई, नको," सूनबाई म्हणाली. "तुमच्या मालिका..."

"त्यातली एक मरणारच आहे पुढच्या आठवड्यात, मला आत्ताच दिसतंय. बाकीच्यांचं काय, रडतील. त्यांना वेळ आहे. तू खोका घे आधी त्याच्या हातातून, तो घाम गाळतोय त्याच्यावर."

डिलिव्हरीवाल्याने टीव्ही उतरवला, चालू करून पाहिला, मागून फोटो काढला. वायर मागितली, जिजीने दिली. रिमोट मागितला. तो द्यायला तिला थोडा वेळ लागला. कव्हर तिने काढून ठेवून घेतलं, ते कंपनीने दिलेलं नव्हतं.

तो जिना उतरत असताना खालून नर्स वर आली. "काय जिजी, मिळाली का सूट?"

"चाळीस टक्के," जिजी म्हणाली. "बरोबर मिळाली," आणि दार लावून घेतलं.

सोमवारी सकाळी दहाला पाच मिनिटं कमी असताना सूनबाईने टेबलावर लॅपटॉप उघडला. केस नीट बांधलेले, समोर पाण्याचा तांब्या. पडद्यावर सहा चौकोन उमटले आणि प्रत्येकात एक चेहरा. मधल्या चौकोनातल्या मॅडम मुख्य होत्या.

दहा वाजता जिजी खुर्ची घेऊन आली. सूनबाईच्या उजव्या खांद्यामागे, जिथून पडदा सबंध दिसतो अशा जागी ती बसली. पायाखाली स्टूल घेतला.

"आई, मीटिंग आहे," सूनबाई ओठ न हलवता म्हणाली.

"असू दे. मी बोलत नाहीये."

आणि वीस मिनिटं ती खरोखर बोलली नाही. तिने माणसं पारखून घेतली. चष्मेवाली भित्री. कोपऱ्यातली ती मनात एक ठेवून दुसरं बोलणारी. डावीकडच्या टकल्याला मॅडमनी विचारलं, गेल्या आठवड्याच्या फायली पाठवल्या का. तो म्हणाला, शुक्रवारीच पाठवल्या, मॅडम.

"लबाड बोलतोय," जिजी म्हणाली. "नजर बघ कशी टेबलाखाली गेली."

तिचा आवाज हळू होता, पण तो तिच्या हिशेबाने हळू होता. पडद्यावरचे सहाही चेहरे थांबले. सूनबाईच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मायक्रोफोन बंद करायचं बटण कुठे असतं ते तिला शनिवारी सापडलं होतं, आता सापडेना.

"कोण बोललं?" मॅडमनी विचारलं.

नोकरीला एकवीस मिनिटं झाली होती. "माझ्या सासूबाई. सॉरी मॅडम. त्या... त्यांचा टीव्ही गेला."

"कूपनात गेला," जिजीने पुढे वाकून खुलासा केला.

मॅडमनी यावर थोडा विचार केला. मग डावीकडच्या चौकोनाकडे वळल्या. "फायली पाठवल्याचं मला दाखवाल का आत्ता?"

टकल्याने कागद उलटेपालटे केले. इंटरनेटला काहीतरी झालं होतं म्हणाला, शुक्रवारी. आज नक्की पाठवतो म्हणाला.

"तासाभरात," मॅडम म्हणाल्या. मग सूनबाईला, "तुम्ही पुढचा कागद घ्या. आणि सासूबाईंना मीटिंगमध्ये बसता येणार नाही, तेवढं बघा."

"हो मॅडम," सूनबाई म्हणाली, आणि मागे वळून सासूकडे पाहिलं. जिजीला ते पुरलं. तिने खुर्ची उचलून दोन हात मागे घेतली, अगदी भिंतीला लावून. तिथून चेहरे जरा पुसट दिसत होते. पण आवाज स्वच्छ येत होता, आणि मुख्य म्हणजे मध्ये जाहिराती नव्हत्या.